पंगतीला बसलेलं औषध

मानवजातीच्या प्रगतीसाठी कुणाचे तरी गुडघे दुखणं आवश्यक असतं. ज्या प्रदेशात कुणाचंच काही दुखत नाही, तिथे एखाद्या औषधाचा शोध लागल्याचं ऐकिवात नाही. या कसोटीवर रावेरच्या अलीकडचं मोरगव्हाण हे गाव विज्ञानाच्या फार उपयोगाचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी निम्म्यांचे गुडघे दुखत होते आणि उरलेल्या निम्म्यांना आपले दुखत नाहीत हे सांगायची लाज वाटत होती. (केळीच्या बागेत जन्म घालवून ज्याचे गुडघे शाबूत राहिले, त्याने बागेत नेमकं केलं काय, असं गावात विचारलं जातं.)

अशा गावात लोटन नानांच्या गुडघ्यांना वेगळा मान होता, कारण ते सार्वजनिक कामात झिजले होते. नाना ऐन उमेदीची सगळी वर्षं गावच्या पंगतीत वाढपी होते. लग्न असो, तेरावं असो, की हिवाळ्यात बागेत होणारी भरिताची पार्टी असो, बादली नानांच्या हातात. पहिल्या पानावर जेवढं पडेल तेवढंच शेवटच्या पानावर. एका लग्नात नवरदेवाच्या मामाच्या पानावर दोन लाडू आणि शेजारी बसलेल्या सालदाराच्या, म्हणजे सालभर राबणाऱ्या गड्याच्या, पानावर एक, असा प्रकार त्यांच्या नजरेस पडला, तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवून पंगतच थांबवली. सालदाराच्या पानावर दुसरा लाडू पडेपर्यंत त्यांनी मामाला घास उचलू दिला नाही. पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, म्हणजे पंक्तिप्रपंच, हे जगातलं सगळ्यात मोठं पाप, एवढं एकच तत्त्वज्ञान नानांकडे होतं. पण ते पक्कं होतं.

अडचण अशी झाली की वाकून वाकून नानांचे गुडघे गेले. मांडी घालता येईना. गाव पंगतीला बसलं की नानांसाठी कडेला प्लॅस्टिकची खुर्ची मांडली जाई आणि ते हातात ताट घेऊन जेवत. ज्याने सगळ्या गावाला एका रांगेत बसवलं तो स्वतः रांगेबाहेर. नानांना याचं फार वाईट वाटे. त्यांना गुडघे बरे व्हायला हवे होते ते चालण्यासाठी नाही, तर बसण्यासाठी. खुर्चीवरून गाव कसं परकं दिसतं, असं ते बायकोला, सुनंदाबाईंना, एकदोनदा म्हणालेही होते.

आणि अशा वेळी जळगावहून औषध आलं.

नेमकं सांगायचं तर औषध आलं नव्हतं, औषध होऊ पाहणारी एक केशरी गोळी आली होती. तिला अजून नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. उंदरांवर ती उत्तम चालली होती. (उंदीर गुडघ्यांची तक्रार करत नाहीत, तरी ते बरे झाले होते.) मग काही निरोगी माणसांनी ती खाऊन पाहिली आणि ती माणसं निरोगीच राहिली. आता ज्यांचं खरोखर दुखतं त्यांना देऊन पाहण्याचा टप्पा आला होता. देशभरातल्या ज्या केंद्रांवर हे काम सोपवण्यात आलं, त्यांपैकी एक होतं जळगावच्या डॉ. ललित यांचं सांधे संशोधन केंद्र. कंपनीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण काही वाचक औषध न बघता शेअर बघायला लागतात.

केंद्राच्या वतीने गावात येणारी मुलगी म्हणजे चारुलता. मूळची एरंडोलची, एम.एस्सी. झालेली, आणि खोटं बोलता न येणारी. हा शेवटचा गुण तिने बायोडेटात लिहिला नव्हता, म्हणून नोकरी मिळायला अडचण आली नाही.

चाचणीत बसण्यासाठी अटी होत्या. वय पन्नास ते सत्तर, गुडघे दोन, आणि दोन्ही दुखणारे, रक्तदाब ताब्यात, लिव्हर निर्दोष, आणि सांगितलेलं तसंच्या तसं ऐकण्याची वृत्ती. या शेवटच्या अटीसाठी रक्ताची तपासणी उपलब्ध नसल्याने ती विश्वासावर सोडण्यात आली. नाना सगळ्या अटींत पास झाले. त्यांचे शेजारी पुना आप्पाही पास झाले. सुनंदाबाईंचे गुडघे नानांच्या गुडघ्यांपेक्षा तसूभरही कमी दुखत नव्हते, पण त्यांच्या लिव्हरचा आकडा जरा वर निघाला आणि त्यांना वगळण्यात आलं.

"आजी, ही गोळी लिव्हरशी कशी वागते ते आम्हाला अजून कळायचंय," चारुलता त्यांच्या ओट्यावर बसून म्हणाली. "ज्यांचं लिव्हर आधीच थोडं नाजूक आहे त्यांना आम्ही घेत नाही. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"बरं माय," म्हणून सुनंदाबाई चहा टाकायला उठल्या. कुणाच्या भल्यासाठी त्याला काही न देणं ही कल्पना त्या घरात नवीन होती. गावात मात्र सुनंदाबाई परीक्षेत नापास झाल्या असाच अर्थ घेतला गेला. शेजारणी सांत्वनाला येऊन गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा बसा, असंही एकीने सुचवलं.

त्यानंतर संमतीचा कार्यक्रम झाला. नियम असा की प्रत्येकाला सगळं नीट समजावून सांगायचं आणि समजल्याचं त्याच्या तोंडून कॅमेऱ्यासमोर घ्यायचं. कॅमेरा येणार म्हटल्यावर गावाने दाढ्या केल्या. पुना आप्पांनी मुलाच्या लग्नातला कोट घातला आणि भर दुपारी तो घालून तासभर बसले.

"नीट ऐका," चारुलता म्हणाली. "निम्म्या बाटल्यांमध्ये औषधाची गोळी आहे. निम्म्यांमध्ये हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती मिळाली ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही."

"डॉक्टरले बी माहीत नही?" नानांनी विचारलं.

"नाही."

"अन् ते कबूल बी करतात?"

"हो नाना. कबूल करावंच लागतं."

इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या चढून गावाने असा डॉक्टर पाहिला नव्हता. डॉ. ललित यांच्याबद्दलचा आदर एकदम वाढला. मग चारुलतेने समजलं का, असं विचारलं आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत, शाळेतल्या प्रतिज्ञेच्या सुरात, समजलं असं सांगितलं. काय समजलं ते विचारण्याची तरतूद नियमात नव्हती.

चाचणी सुरू झाली. चारुलता ठरल्या दिवशी स्कूटीवरून येई आणि प्रत्येकाचं दुखणं शून्य ते दहा या मापात विचारून घेई.

"नाना, आज किती?"

"कवा? उठतांना का बसतांना?"

"एकंदरीत."

"एकंदरीत म्हनशील तं सात," नाना विचार करून म्हणाले. मग त्यांचं तिच्या घामेजलेल्या तोंडाकडे लक्ष गेलं. "पन तू एवढ्या उन्हाची आली पोरी. सहा लिह्य."

अशा रीतीने गोळी बाटलीतून बाहेर पडण्याआधीच दुखणं एका अंकाने उतरलं. पुढच्या फेरीला तिची स्कूटी पंक्चर झाली, तेव्हा गावाने आपसात न ठरवता आणखी एक अंक खाली आणला. पाहुणचारामुळे येणाऱ्या या आरामाचा वैद्यकशास्त्राने अद्याप पुरेसा अभ्यास केलेला नाही.

दुष्परिणामांचंही तसंच. मळमळते का, खाज सुटते का, भूक मंदावली का, असं ती एकेकाला विचारी आणि प्रत्येक जण मान हलवी. गावाची शिस्त अशी की कुणाच्या घरचं खाल्लं की त्याला नाव ठेवायचं नाही. एका आजोबांना चांगली उलटी झाली होती, पण त्यांनी ती स्वतःच्या चुकीने झाली असं धरलं आणि पोरीला उगाच कशाला दुखवायचं म्हणून सांगितली नाही.

महिना उलटला आणि नानांना गुण आला. गावात एकाचं तेरावं होतं. पंगत बसली, नानांची खुर्ची कडेला मांडली गेली, आणि नाना खुर्चीजवळून चालत पुढे गेले. रांगेच्या शेवटी त्यांनी पान मागितलं, एक हात जमिनीला टेकवला आणि खाली बसले. डावा पाय आत, उजवा पाय वर. मांडी! वाढप्याच्या हातातली बादली तिथल्या तिथे थांबली. ज्यांच्या घरचं तेरावं होतं तेही क्षणभर आपलं दुःख विसरले. जेवणानंतर नानांना उठवायला दोघांना हात द्यावे लागले, परंतु इतिहासात कोण कुठे बसलं याचीच नोंद असते. घरी येऊन नानांनी सुनंदाबाईंना ती मांडी पुन्हा घालून दाखवली. इतके खूश ते मुलाच्या लग्नातही नव्हते.

पुना आप्पांना मात्र काही फरक पडला नव्हता. ते कोट घालून बसले होते, संमती दिली होती, गोळी रोज घेत होते, आणि गुडघा जिथे होता तिथेच होता.

"तुले खरी आली, मले खोटी आली," एके सकाळी ते नानांच्या ओट्यावर येऊन म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आपलं नशीब, दुसरं काय!"

"ते पोरगी म्हने ना, निम्म्यायले खरी, निम्म्यायले खोटी," नाना म्हणाले.

"म्हने खरं. पन तवा मी कोटाच्या गुंड्या लावत व्हतो. आता ध्यानात आलं."

त्याचा खरा अर्थ नानांच्याही तेव्हाच ध्यानात आला. म्हणजे एकाच गावात, एकाच रांगेत, एकाच दिवशी बसवलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या पानावर लाडू पडला होता आणि निम्म्यांच्या पानावर लाडवासारखा दिसणारा खडू. आणि लाडू पडलेल्यांत आपण आहोत. नानांना जेवण गोड लागेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंगती थांबवल्या आणि म्हातारपणी आपणच तो दोन लाडवांचा मामा झालो, हे त्यांना सहन होईना.

या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग मोठ्या मनाच्या माणसालाच सुचला असता. थंडी पडली होती, वांगी तयार होती. नानांनी आपल्या बागेत भरिताची पार्टी ठेवली आणि चाचणीतल्या सगळ्यांना येताना आपापल्या गोळ्यांच्या बाटल्या आणायला सांगितलं. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली गेली, लाकडी बडजीत मिरच्यांबरोबर ठेचली गेली, केळीची पानं अंथरली गेली. मग नानांनी एक कोरी परात मागवली.

"भाऊ, आपल्या गावात असं कधी झालं नही," ते उभे राहून म्हणाले. "एकाले खरी अन् एकाले खोटी. ज्यानं वाढली त्याले बी माहीत नही, कोनाच्या पानावर काय पडलं. असं कुठी वाढतात का? मले गुन आला, म्हंजे माझी खरी हाये. मी ते एकटा खानार नही. बठ्ठ्यायनं, समद्यायनं, बाटल्या इठी ओता."

पुना आप्पांना भरून आलं. बाटल्या परातीत उपड्या झाल्या. नानांनी बाह्या सारल्या, भरितात कांद्याची पात कालवावी तशा गोळ्या तळापासून वरपर्यंत कालवल्या आणि पंगतीच्या टोकापासून वाढायला सुरुवात केली. कुणी आधी पुरे म्हणालं, त्याला रीतीप्रमाणे आग्रह झाला. एकाने पानावर आडवा हात धरला तर त्याला शपथ घालण्यात आली. औषधांच्या इतिहासात बऱ्याच चाचण्या झाल्या असतील, पण इतकी न्याय्य झाली नसेल. खऱ्या-खोट्याचा, लहानमोठ्याचा, गरीबश्रीमंताचा कसलाही भेद उरला नाही. फक्त चाचणी उरली नाही, पण हे पंगतीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांना सारखं वाटून परातीत ओंजळभर गोळ्या शिल्लक राहिल्या. परातीत उरेल ते वाढप्याच्या घरी जातं, ही मोरगव्हाणची जुनी रीत. नानांनी उरलेलं भरीत एका डब्यात घेतलं, गोळ्या केळीच्या पानात बांधल्या आणि सुनंदाबाईंसाठी घरी आणल्या. पंगतीला ज्याला बोलावलं नाही त्याच्यासाठी झाकून आणण्यात नाना कधी चुकले नव्हते.

"हे घे," ते म्हणाले. "तुले नापास केलतं ना त्यायनं."

"त्या पोरीनं नको म्हटलं व्हतं ना?" सुनंदाबाई पुडीकडे बघत म्हणाल्या.

"ते तिचं काम हाये. वाढनं माझं काम हाये. घे."

नवऱ्याने इतक्या वर्षांत घरी बरंच काही आणलं होतं, पण खास आपल्यासाठी झाकून आणलेलं परत कसं करायचं? सुनंदाबाईंनी देवापुढे पुडी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू केली.

तेवढ्यात दोंडाईच्याहून व्याही आले, रुपचंद भाऊ. मांडीची बातमी तिथवर गेली होती. "नाना, तुमले गुन उना, मंग माले काबर नही?" त्यांनी चहा खाली ठेवून विचारलं. "मना बी गुडघा दुखतस." व्याह्याला रिकाम्या हाताने पाठवणं शक्यच नव्हतं. रुपचंद भाऊंना एक पुडी मिळाली. चोपड्याच्या भाचीला एक गेली. बाकीच्यांनीही आपापल्या वाट्यातून आपापले पाहुणे सांभाळले.

चारुलतेला यातलं काही कुणी सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. गोळ्या नियमित घेता ना, असं ती विचारी, आणि सगळे हो म्हणत. ते शंभर टक्के खरं होतं.

जळगावात आकडे येत होते आणि डॉ. ललित यांचा चेहरा उजळत होता. बाकीच्या केंद्रांवर कुणाला फरक, कुणाला नाही, असा नेहमीचा गोंधळ. मोरगव्हाणात सगळ्यांनाच फरक, तोही जवळपास सारखा. कंपनीने केंद्राचं अभिनंदन केलं आणि डॉक्टरांना गोव्याच्या परिषदेत बोलायला बोलावलं.

"सर, पण निम्म्यांना तर औषधच दिलेलं नाही," चारुलता म्हणाली. "मग सगळ्यांना सारखाच गुण कसा? मी अहवालातही तसं लिहिलंय."

"चारुलता, अपयश आलं की कारणं शोधायची असतात," डॉ. ललित अहवालावर न वाचताच सही करून स्लाइडचा रंग बदलत म्हणाले. "गावात एकदा जाऊन ये हवं तर. गोवा झाल्यावर."

गोवा व्हायच्या आत सुनंदाबाईंची भूक गेली. मग अंगाला खाज सुटली. त्या काही बोलल्या नाहीत. एका दुपारी त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, नानांनी हाक मारली म्हणून त्यांनी वर पाहिलं, आणि उन्हात नानांना त्यांचे डोळे दिसले. हळद घातल्यासारखे पिवळे.

"अवं, हे कवापासून?"

"झाले आठेक दिवस. अन्नावरची वासनाच गेली."

"मंग गोयी बंद काहून नही केली?"

"तुमी एवढं झाकून आनलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "टाकून कसं देऊ?"

नानांनी गाडी बोलावली, वाटेतच चारुलतेला फोन केला, आणि जळगावचा दवाखाना येईपर्यंत बायकोचा हात सोडला नाही. चारुलता दारातच उभी होती. डॉ. ललितही आले. सलाइन लागलं, रक्त घेतलं गेलं, लिव्हरचा आकडा आला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि कागद चारुलतेकडे दिला.

"आजींनी काय घेतलं होतं?" त्यांनी विचारलं.

"गोयी."

"तुमच्या बाटलीतली?"

"नही साहेब," नाना म्हणाले. "बठ्ठ्यायची."

आणि मग त्यांनी परातीपासून पुडीपर्यंत सगळं सांगितलं. त्यात गावाची अब्रू जाणार होती, चारुलतेची नोकरीही जाऊ शकत होती, हे त्यांना कळत होतं. "माझीच चूक हाये. मले काय बोलायचं ते मांगून बोला," ते म्हणाले. "पयले हिले वाचवा." चारुलता भिंतीशी असलेल्या बाकावर बसली.

अशा प्रसंगासाठी कंपनीची सोय असते. कुणाच्या बाटलीत काय होतं ते एका ठिकाणी सीलबंद असतं. फोन करायचा, क्रमांक सांगायचा, की पलीकडचा माणूस सील उघडून सांगतो. डॉ. ललित यांनी फोन केला आणि मोरगव्हाणचे सगळे क्रमांक वाचून दाखवले. उत्तर लगेच मिळालं. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत खडू, अगदी ठरल्याप्रमाणे. सुनंदाबाईंच्या पोटात त्यांपैकी काय आणि किती गेलं ते मात्र पलीकडच्या माणसालाही सांगता येईना, कारण त्याच्याकडे परातीचा क्रमांक नव्हता.

"नाना," चारुलता हळूच म्हणाली, "तुमच्या बाटलीत औषध नव्हतं. आणि पुना आप्पांच्या बाटलीत होतं."

"माझी खोटी व्हती?"

"हो."

"पन मी मांडी घातली!"

"घातलीत खरी. तुमच्या मनाने घातली ती."

मग नानांना दुसरी गोष्ट सुचली. "म्हंजे मी नुसती माझी बाटली तिले देली असती तं?"

"तर त्यांना काहीच झालं नसतं," चारुलता म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

नाना दवाखान्याच्या पॅसेजमध्ये भिंतीला तोंड करून रडले. ज्या हाताने आयुष्यभर कुणावर अन्याय होऊ दिला नाही, त्याच हाताने, तोच नियम पाळून, त्यांनी घरच्या माणसाला हे वाढलं होतं. पाहुण्यांचे फोन नंबर आठवून त्यांनी डोळे पुसत एकेकाला गोळी बंद करा म्हणून सांगितलं. सगळ्यांनी हो म्हटलं.

सुनंदाबाई वाचल्या. गोळी थांबली, लिव्हरने हळूहळू आपलं काम पुन्हा हाती घेतलं, आणि डोळे पांढरे व्हायला महिना-दीड महिना लागला. दरम्यान दुसऱ्या काही केंद्रांवरही चारदोन जणांचे डोळे पिवळे झाले. तिथे ज्याची गोळी त्यानेच खाल्ली होती, त्यामुळे कशाने झालं ते स्पष्ट कळलं आणि कंपनीने ती केशरी गोळी कायमची बंद केली. कुठल्यातरी गावच्या कंटाळवाण्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसांमुळे हे साधलं, पण त्यांचा सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही. मोरगव्हाणचे आकडे सरसकट रद्द झाले. डॉ. ललित गोव्याला गेले, विषय बदलून बोलले. चारुलतेची नोकरी टिकली, कारण सगळ्यांना सारखाच गुण कसा, हा तिचा प्रश्न रेकॉर्डवर होता आणि त्याखाली डॉक्टरांची सही होती.

गावाने या घटनेतून योग्य तो बोध घेतला. "गुन येत व्हता म्हनूनच कंपनीनं बंद केली," पुना आप्पांनी ओट्यावर जाहीर केलं. "नही तं त्यायचं जुनं मलम कोन घेईन?" चार जण नानांकडे येऊन परातीतलं काही उरलंय का, असं हळू आवाजात विचारून गेले. नानांनी चौघांनाही हाकलून दिलं. आपली खोटी होती हे कळल्यापासून त्यांचे गुडघे मात्र पहिल्यासारखे दुखू लागले होते, आणि मांडी पुन्हा घडली नाही.

पुढच्या भरिताच्या पार्टीत नानांची खुर्ची कडेला मांडली गेली. सुनंदाबाईंनी जाऊन दुसरी एक खुर्ची ओढत आणली आणि शेजारी बसल्या. "मले बी मांडी जमत नही," त्या म्हणाल्या. "आपली दोघांची एक रांग." वाढपी आला तेव्हा नानांनी आधी त्याच्या बादलीत काय आहे ते विचारलं, वाकून पाहिलं आणि मगच बायकोच्या ताटात पडू दिलं.

शेवटी हिशोबाला एकच गोष्ट राहिली. चारुलता उरलेल्या गोळ्या परत न्यायला आली, तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी मिळाल्या. बंद करा म्हटल्यावर पाहुण्यांनी त्या बंद केल्या होत्या, म्हणजे अडीनडीला लागतील म्हणून नीट बांधून ठेवल्या होत्या. रुपचंद भाऊंनी दोंडाईच्यात कुणाला दिल्या, भाचीने चोपड्याहून नणंदेबरोबर नाशिकला पाठवल्या, कुणी केळीच्या वेफर्सच्या पिशवीतून पुण्याला. नाव नाही, पट्टी नाही, नुसती कागदाची पुडी आणि सोबत आमच्या ह्यांना फार गुण आला एवढी एक शिफारस.

वाचकांचं मोरगव्हाणकरांना हसून झालं असेल तर आता उठून टीव्हीखालचा ड्रॉवर उघडून बघावा. बंद पडलेला रिमोट आणि वाढदिवसाच्या अर्ध्या मेणबत्त्या बाजूला सारल्या की नाव कापलं गेलेली एखादी अर्धी पट्टी मिळेल, आणि तिच्याखाली मागे गुडघा, कंबर की मान दुखत होती तेव्हा कुणीतरी मायेने हातात ठेवलेली ती पुडी. त्यातली एक तुम्ही घेतली होती, डॉक्टरांना न विचारता, पाण्याच्या घोटाबरोबर. रंग आठवतोय का? आणि गुण आला होता म्हणता ना, मग काळजीचं कारण नाही. नानांसारखी तुमच्याही वाट्याला खोटी आली असणार.